संत्र्याच्या सालीचें चूर्ण

संत्रें सोलावें, फोडी खाव्या आणि साल टाकून द्यावी, ही शहरांतील घराघरांची नित्याची रीत आहे. फळ तोलून घेतलें जातें, तेव्हां त्या तोलांत सालीचेंही वजन धरलेलें असतें. मध्यम आकाराच्या संत्र्याच्या वजनापैकीं सुमारें एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश भाग सालीचा असतो. म्हणजे चार किलो संत्रीं विकत घेणारा गृहस्थ जवळजवळ एक किलो साल पैसे मोजून घरीं आणतो आणि त्याच दिवशीं ती कचऱ्याच्या गाडींत घालतो. पुढें दिवाळी जवळ आली, कीं त्याच घरांत उटण्याची पुडी विकत येते आणि तिच्या वेष्टनावरील घटकांच्या यादींत पुष्कळदां 'संत्र्याची साल' हें नांव आढळतें. एकदां पैसे देऊन घेतलेली व टाकून दिलेली वस्तु अशा रीतीनें पुन्हां पैसे देऊन घरांत येते.

ह्या सालीविषयीं समाजांत दोन टोकांचीं मतें दिसतात. एक वर्ग तिला केवळ कचरा समजतो. दुसरा वर्ग तिला सर्व रोगांवरील रामबाण उपाय मानतो. तिच्या चूर्णानें मधुमेह हटतो, रक्तदाब उतरतो, मेद झडतो आणि काळा वर्ण गोरा होतो, असें हा वर्ग मोठ्या विश्वासानें सांगतो. पहिल्या मतानें थोडें आर्थिक नुकसान होतें. दुसऱ्या मतानें होणारें नुकसान मात्र कधीं कधीं जिवावर बेततें. म्हणून सालीचा न्याय नीट करावयास पाहिजे. तो करण्याचा एक सोपा मार्ग आहे. साल वाळत असतां ऊन आणि वारा तिच्यांतून काय घेऊन जातात आणि काय मागें ठेवतात, ह्याचा जमाखर्च मांडावा. जें मागें राहिलें तेंच उपयोगी पडणार. जें उडून गेलें त्याच्या नांवानें कोणताही गुण सांगणें व्यर्थ होय.

हा जमाखर्च मांडण्यास धाराशिव जिल्हा हें योग्य ठिकाण आहे. ह्या जिल्ह्याचें सरकारी नांव इ. स. २०२३ पर्यंत उस्मानाबाद असें होतें. जिल्हा संत्र्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध नाहीं. येथील शेतांत ज्वारी, तूर, सोयाबीन आणि पाण्याची सोय असेल तेथें द्राक्षें दिसतात. बाजारांत येणारें संत्रें बहुधा नागपूर-अमरावतीकडचें असतें आणि मोसंबें जालन्याकडचें. तरीही संत्र्याशीं मराठवाड्याचें नातें जुनें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजी भोसले ह्यांनीं औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, संत्र्याचीं रोपें नागपुरास नेलीं, असें परंपरेनें सांगितलें जातें. रोप मराठवाड्याचें आणि कीर्ति नागपूरची, असा हा प्रकार झाला. पण संत्रें पिकविण्यांत धाराशिव मागें असलें, तरी साल वाळविण्यांत त्याची बरोबरी थोडेच जिल्हे करूं शकतील. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा प्रदेश पर्जन्यछायेंत येतो. पावसाळा सोडला तर हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि वारा मोकळा असतो. ज्या कोरडेपणाबद्दल येथील लोक पिढ्यान् पिढ्या हळहळत आले, तोच कोरडेपणा पापड, सांडगे, कुरडया आणि फळांच्या साली वाळविण्यास मोठा सोयीचा आहे.

प्रथम कोणती साल घ्यावी हें पाहावें. संत्र्याची साल सैल असते व बोटांनीं सहज निघते. मोसंब्याची साल फोडीला घट्ट चिकटलेली असते. तिचा पांढरा थर जाड असून सुगंध कमी असतो. तिसरें फळ म्हणजे नारिंग. त्याच्या संस्कृत 'नारंग' ह्या नांवाचा फारशी व अरबी भाषांतून प्रवास होत होत शेवटीं इंग्रजींतील 'ऑरेंज' हा शब्द तयार झाला. आंबट-कडू नारिंगाची साल औषधी घटकांच्या दृष्टीनें वेगळी आहे व तिचे कांहीं परिणाम हृदयावर आणि चालू औषधांवर होऊं शकतात. घरगुती चूर्णासाठीं संत्र्याचीच साल घ्यावी, हें उत्तम. हिवाळ्याच्या तोंडाशीं येणारें आंबिया बहाराचें फळ आणि फेब्रुवारीपासून चैत्रापर्यंत येणारें मृग बहाराचें फळ, अशा दोन हंगामांत ही साल मुबलक मिळते. मृग बहाराच्या वेळीं धाराशिवांत हवा अगदीं कोरडी असते. म्हणून दिवाळीच्या उटण्याची तयारी खरी तेव्हांच करून ठेवावी.

सालीचे दोन थर असतात. बाहेरचा केशरी थर पातळ असून त्यांत सुगंधी तेलाच्या अतिशय बारीक पिशव्या असतात. साल दुमडून दाबली असतां जो तुषार उडतो, तो ह्याच तेलाचा. ह्या तेलाचा नऊ-दशांशांहून अधिक भाग लिमोनीन नांवाच्या एकाच द्रव्याचा असतो. आंतील पांढरा थर मऊ असतो. त्यांत पेक्टिन नांवाचा चिकट पदार्थ, पुष्कळसा चोथा आणि हेस्पेरिडिन नांवाचें द्रव्य असतें. सालीचा कडवटपणाही मुख्यतः ह्याच थरांत असतो. हे दोन थर ओळखता आले, म्हणजे सालीचे पुढील बहुतेक उपयोग आपोआप समजतात: सुगंध व तेलकटपणा घालविण्याची शक्ति बाहेरच्या थरांत, चोथा, चिकटपणा आणि कडवटपणा आंतल्या थरांत.

आतां ऊन काय नेतें तें पाहूं जातां पहिली वस्तु म्हणजे पाणी. शंभर ग्रॅम ताज्या सालींत सुमारें बहात्तर ग्रॅम पाणी असतें. त्यामुळें वाळल्यावर तीस ग्रॅमांच्या आसपास माल हातीं येतो. दुसरी वस्तु अधिक मोलाची आहे. ताज्या सालींत 'क' जीवनसत्त्वाचें प्रमाण शंभर ग्रॅमांस सुमारें १३६ मिलिग्रॅम असतें. फोडींत तें ५३ च्या जवळपास असतें. हे आंकडे वाचून पुष्कळांना वाटतें, कीं चूर्ण म्हणजे 'क' जीवनसत्त्वाचा खजिनाच. परंतु हें जीवनसत्त्व अत्यंत नाजूक आहे. उष्णता, प्रकाश आणि हवा ह्या तिन्हींनीं तें नाश पावतें. उन्हांत वाळविलेल्या, दळलेल्या आणि बरणींत महिनोन् महिने ठेविलेल्या चूर्णांत त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

ह्याच चुकीचा एक बोधप्रद दाखला इतिहासांत आहे. इ. स. १७४७ च्या मे महिन्यांत जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमारी वैद्यानें 'सॅलिसबरी' नांवाच्या जहाजावर स्कर्व्ही रोगानें पीडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्रीं व एक लिंबू मिळालें, ते सहा दिवसांतच झपाट्यानें सुधारले. पुढें इ. स. १७५३ मध्यें त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत लांबच्या प्रवासासाठीं रस आटवून त्याचा पाक करून ठेवण्याची युक्ति सांगितली. फळ तेंच, रसही तोच. परंतु आटवितांना लागलेल्या उष्णतेनें व पुढील सांठवणीनें त्यांतील गुण बहुतांशीं नाहींसा होत असे. ज्यानें फळाचा गुण डोळ्यांनीं पाहिला, त्यालाही टिकविलेल्या फळाविषयीं फसगत टाळतां आली नाहीं. तेव्हां 'क' जीवनसत्त्व पाहिजे असेल, तर ताजें फळ, आंवळा, पेरू किंवा जेवतांना पिळलेलें लिंबू हाच मार्ग आहे, चूर्ण नव्हे.

मग मागें काय राहतें? चोथा व पेक्टिन राहतात, कारण त्यांस उन्हाची बाधा होत नाहीं. हेस्पेरिडिन पुष्कळ अंशीं टिकतें. सुगंधी तेलाचा कांहीं भाग उडून जातो. पण साल सावलींत वाळविली, तर पुष्कळसा शिल्लक राहतो. म्हणजे वाळलेल्या सालीची शिल्लक सुगंध, किंचित् खरखरीतपणा, चोथा आणि कडवट चव एवढी आहे. ती लहान दिसते, पण गृहस्थाश्रमांत तिला बरींच कामें आहेत.

चूर्ण करण्याची रीत सोपी आहे, परंतु तींत हयगय चालत नाहीं. बाजारांतील फळांवर कीटकनाशकांचे अंश आणि कधीं कधीं चकाकीसाठीं दिलेला मेणाचा हात असतो. म्हणून फळ सोलण्यापूर्वींच कोमट पाण्यांत कांहीं वेळ ठेवून हातानें चोळून धुवावें व स्वच्छ फडक्यानें पुसावें. धुण्यानें सर्वच अंश जातात असें नाहीं. ह्यास्तव पोटांत घ्यावयाच्या चूर्णासाठीं शक्य तों ओळखीच्या बागेंतील, औषधें न फवारलेलें फळ निवडावें. सोललेल्या सालीचे लहान तुकडे करून ते स्वच्छ कापडावर एकमेकांस न चिकटतील असे पसरावे आणि वरून पातळ मलमल घालावी. कडक उन्हापेक्षां वारा असलेली सावली बरी. उन्हानें रंग विटतो व सुगंध उडतो. धाराशिवच्या कोरड्या हवेंत चार ते सहा दिवसांत तुकडे 'कट्' असा आवाज होऊन मोडूं लागतात. तुकडा वांकला पण मोडला नाहीं, तर तो अद्याप ओला आहे असें समजावें. ओलसर सालीवर निळी-हिरवी बुरशी धरते, आणि बुरशी धरलेला भाग खरवडून उरलेला वापरणें हें काटकसरीचें नव्हे, तर अविचाराचें लक्षण आहे. असा सर्व माल टाकून द्यावा.

वाळलेले तुकडे खलबत्त्यांत किंवा मिक्सरमध्यें दळून चूर्ण दोन प्रकारांनीं चाळावें. चेहऱ्यास लावावयाचें तें वस्त्रगाळ असावें. जाडसर भाग भांडीं घासण्यास व हातपाय चोळण्यास ठेवावा. मात्र सगळी साल एकाच दिवशीं दळून वर्षभर ठेवण्याची घाई करूं नये. ह्या बाबतींत चिनी लोकांची सावधगिरी पाहण्यासारखी आहे. क्वांगतुंग प्रांतांतील सिन्हुई येथें संत्र्याच्याच जातीच्या फळाची साल वाळवून वर्षानुवर्षें मुरवितात. तिला 'चेनपी' म्हणतात, आणि किमान तीन वर्षें मुरल्यावांचून तेथें तिला तें नांव देत नाहींत. परंतु ते ती अखंड ठेवतात व मधून मधून पुन्हां ऊन दाखवितात. दळून ठेवीत नाहींत. चूर्णाच्या प्रत्येक कणास हवा लागते आणि लिमोनीन हवेशीं संयोग पावून त्याचीं अशीं द्रव्यें बनतात, कीं तीं कित्येकांच्या त्वचेस खाज व पुरळ आणतात. म्हणून साल अखंड ठेवावी, महिन्या-दीड महिन्यापुरतेंच चूर्ण करावें, तें घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत अंधारांत ठेवावें आणि बरणीवर तारीख लिहावी. सुगंधाऐवजीं खवट वास येऊं लागला, कीं तें अंगास लावूं नये.

चूर्णाचा महाराष्ट्रांतील सर्वांत परिचित उपयोग म्हणजे उटणें. नरकचतुर्दशीच्या पहांटे अंगास तेल लावून उटण्यानें स्नान करावयाचें, ही चाल घरोघरीं आहे. तिच्यांत शरीरशास्त्राची जाण आहे. थंडीच्या तोंडाशीं, विशेषतः बालाघाटावरील कोरड्या वाऱ्यानें, त्वचा फुटूं लागते. तेल तिला मऊ करतें. पिठूळ पदार्थ जादा तेल व मळ शोषून घेतात. सालीचे बारीक कण वरवरची मृत त्वचा हलकेच काढतात आणि सुगंधानें मन प्रसन्न होतें. प्रमाणासाठीं एक साधा योग असा: मसुरीच्या डाळीचें पीठ दोन भाग, संत्र्याच्या सालीचें वस्त्रगाळ चूर्ण एक भाग, आंबेहळद व नागरमोथा प्रत्येकीं पाव भाग आणि मिळाल्यास थोडा वाळा व चंदन. हें मिश्रण दुधांत किंवा साध्या पाण्यांत कालवून लावावें, वाळून कडक होऊं देऊं नये आणि ओलें असतांच धुवून टाकावें. आठवड्यांतून एक-दोन वेळांपेक्षां अधिक घासलें, तर त्वचेचा नैसर्गिक तेलकटपणा जाऊन ती उलट कोरडी पडते. केसांसाठीं शिकेकाई, रिठा, आंवळकाठी आणि नागरमोथा ह्यांच्या जोडीला थोडी साल दळून घालण्याची चालही जुनी आहे; तेथें तिचें काम सुवासाचें व तेलकटपणा कमी करण्याचें आहे.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. उटण्यानें वर्ण गोरा होत नाहीं. त्वचेचा रंग तिच्यांतील मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो आणि तें किती असावें हें मुख्यतः वंशानुक्रमानें ठरतें. मळ निघाला, मृत त्वचा गेली, म्हणजे चेहरा तजेलदार दिसतो. हा तजेला खरा आहे व तो पुरेसाही आहे. परंतु लग्नाच्या वयाच्या मुलीस रोज चूर्ण घासावयास लावून तिचा रंग बदलण्याची वाट पाहणारीं घरें अद्याप आहेत. त्या घांसण्यानें त्वचा सोलवटते, लाल होते आणि तीवर काळसर डागही राहूं शकतात. त्याहून खोल डाग मुलीच्या मनावर पडतो. उन्हांत राबणाऱ्या मराठवाड्याच्या सांवळ्या माणसांना आपल्या रंगाची लाज वाटावी, असें कांहींच नाहीं; आणि ती लाज पोसण्याचें काम निरपराध संत्र्याकडे देऊं नये.

सावधगिरीच्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे कोणतेंही उटणें प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून एक दिवस वाट पाहावी. आग, खाज किंवा लाली आल्यास तें वापरूं नये. तान्ह्या मुलांच्या कोमल अंगास आणि जखम, इसब किंवा पुटकुळ्या असलेल्या जागीं तें मुळींच लावूं नये. दुसरी गोष्ट म्हणजे संत्र्याच्या जागीं लिंबाची साल चालेल असें समजूं नये. लिंबाच्या सालींतील कांहीं द्रव्यें अंगावर राहून ऊन लागलें, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. संत्र्याच्या सालींत हा दोष फार थोडा आहे. पहांटे उटणें लावून, तें धुवून, मग सूर्यदर्शन घेण्याची आपली जुनी रीत ह्या दृष्टीनेंही सुरक्षित ठरते.

आतां स्वयंपाकघराकडे वळावें. खाण्याच्या चूर्णासाठीं सालीचा आंतील पांढरा भाग सुरीनें खरवडून काढावा, म्हणजे कडवटपणा पुष्कळ कमी होतो. साल उकळत्या पाण्यांतून एकदां काढून तें पाणी फेकून दिलें व मग ती वाळविली, तर चव आणखी सौम्य होते. असें चूर्ण चिमूटभर शिऱ्यांत, बासुंदींत किंवा चहांत घातलें असतां छान स्वाद येतो. भूम आणि कुंथलगिरीच्या बाजूचा खवा प्रसिद्धच आहे. त्याच्या घरगुती पेढ्यांत वेलदोड्याबरोबर ह्या चूर्णाची चिमूट घालून पाहण्यास हरकत नाहीं. जवसाच्या किंवा कारळ्याच्या चटणींत अर्धा चमचा चूर्ण मिसळलें, तर ज्वारीच्या भाकरीबरोबर तिची कडवट-सुगंधी चव उठून दिसते. येथें साल हा मसाला आहे, आणि मसाल्याचें प्रमाण मसाल्याएवढेंच असावें. सुश्रुतसंहितेंत महाळुंगाच्या सालीस कडू, वातनाशक परंतु पचण्यास जड म्हटलें आहे. तो शेवटचा शब्द ह्या कुळांतील सर्वच सालींविषयीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अति तेथें माती.

चूर्ण औषध म्हणून घेणाऱ्यांनीं थोडें गणित करावें. पेक्टिनानें रक्तांतील कोलेस्टेरॉल आटोक्यांत राहण्यास मदत होते, ही गोष्ट युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें इ. स. २०१० मध्यें मान्य केली. परंतु त्यासाठीं दिवसाकाठीं सहा ग्रॅम पेक्टिन पोटांत गेलें पाहिजे, अशी अट घातली. एका लहान चमच्यांत सुमारें तीन ग्रॅम चूर्ण मावतें आणि वाळलेल्या सालींत पेक्टिनाचा भाग साधारणपणें शेंकडा वीस ते तीस असतो. म्हणजे सहा ग्रॅमांसाठीं रोज सात ते दहा चमचे कडू चूर्ण खावें लागेल. तें कोणी खाणार नाहीं आणि खाऊंही नये. चोथ्याविषयीं म्हणावें, तर प्रौढ माणसास दिवसाला किमान पंचवीस ग्रॅम चोथा मिळावा असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका चमच्यानें त्यांत जेमतेम एक-दोन ग्रॅमांची भर पडते. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठांत सुमारें दहा ग्रॅम चोथा असतो. धाराशिवच्या माणसाला चोथा पाहिजे असेल, तर त्याच्या ताटांतील भाकरी त्याला चूर्णापेक्षां कितीतरी अधिक देते. पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

हेस्पेरिडिनाची गोष्टही उद्बोधक आहे. लिंबू आणि ढोबळी मिरची ह्यांच्या जातीच्या फळांतील अशा द्रव्यांनीं केशवाहिन्या बळकट होतात, असें इ. स. १९३६ मध्यें आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जाहीर केलें आणि त्यांस 'पी' जीवनसत्त्व असें नांव सुचविलें. पुढच्याच वर्षीं सेंट-ज्यॉर्जी ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु पुढील प्रयोगांत तीं द्रव्यें जीवनसत्त्वाच्या कसोटीस उतरलीं नाहींत आणि १९५० नंतर तें नांव मागें पडलें. एवढ्या थोर शास्त्रज्ञानें दिलेलें नांवही पुराव्यापुढें टिकलें नाहीं; मग ऐकीव गुणवर्णन कसें टिकावें? आज शिरांच्या विकारांवर व मूळव्याधीवर डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन ह्यांच्या गोळ्या डॉक्टर देतात, हें खरें आहे. पण त्या गोळींतील द्रव्य शुद्ध केलेलें, अतिसूक्ष्म दळलेलें आणि तोलून घातलेलें असतें. बरणींतील चमच्याला तो तोल नाहीं. म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णानें डॉक्टरांनीं दिलेली गोळी सोडून चूर्णाच्या आधारावर राहणें म्हणजे काठीच्या जागीं कणसाचें ताट हातांत धरण्यासारखें आहे. रक्तांतील साखर निमूटपणें वाढत असते. डोळे, मूत्रपिंड आणि पाय बिघडल्यावर ती आपला हिशेब सादर करते.

सायंकाळीं निखाऱ्यावर साल टाकून धूर करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तेलाच्या वासानें डांस थोडा वेळ दूर राहतात. परंतु परिणाम अल्पकाळ टिकतो आणि धूर लहान मुलांच्या व दमेकऱ्यांच्या छातीस अपाय करतो. शिवाय डेंग्यूचा डांस मुख्यतः दिवसा चावतो. धाराशिवांत नळाचें पाणी पुष्कळ ठिकाणीं कांहीं दिवसांच्या अंतरानें येतें. म्हणून हंडे, पिंपें, हौद भरून ठेवणें भागच पडतें. हा डांस त्या स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच वाढतो. तेव्हां आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करणें आणि एरवीं तीं घट्ट झांकणें, हाच खरा उपाय होय. धुराचा वास आला म्हणून झांकणाकडे दुर्लक्ष झालें, तर साल उपकाराऐवजीं अपकारास कारण होईल.

बाकीचे उपयोग निर्वेध आहेत. जाडसर चूर्ण थोड्या साबणाबरोबर घेतलें, तर ओट्यावरचा व कढईवरचा तेलकटपणा चांगला निघतो, कारण लिमोनीन तेल विरघळवितें. तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र आंबट पाहिजे. तें सालींत फारसें नसल्यामुळें चिंचेची जोड द्यावी. वाळलेले तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून कपाटांत ठेवले, तर कुबट वास कमी होतो. जी साल माणसाच्या उपयोगी पडत नाहीं, ती जनावराच्या पडते. रस काढून उरलेला ह्या फळांचा वाळलेला चोथा परदेशांत गुरांस चारतात. उस्मानाबादी शेळी ह्याच जिल्ह्याच्या जुन्या नांवानें देशभर ओळखली जाते. स्वच्छ, बुरशी नसलेली थोडी साल तिच्या नेहमीच्या चाऱ्यांत मिसळली, तर ती आनंदानें खाते. तेंही जमत नसेल, त्यानें साल खताच्या खड्ड्यांत घालावी.

एकंदर हिशेब असा आहे. दहा संत्र्यांच्या सालीपासून सुमारें शंभर ग्रॅम वाळलेला माल निघतो. दिवाळींतील एका कुटुंबाच्या उटण्यास आणि स्वयंपाकघरांतील वर्षाच्या चिमटींस तेवढा पुरतो. त्यासाठीं खर्च कांहीं नाहीं. लागतें तें थोडें लक्ष आणि एक स्वच्छ कापड. जुन्या गृहिणी आंब्याची कोय, चिंचेचे चिंचोके आणि संत्र्याची साल सांठवीत, तें केवळ दारिद्र्यामुळें नव्हे. प्रत्येक वस्तूचें काम कोणतें हें त्यांना ठाऊक होतें. आणि ज्याला वस्तूचें काम ठाऊक असतें, तो तिच्याकडून भलत्या कामाची अपेक्षाही करीत नाहीं. सालीला उटण्यांत, चटणींत आणि मोरीवर मानाची जागा द्यावी. वैद्याच्या खुर्चीवर तिला बसवूं नये.